कंडक्ट डिसऑर्डर : मूल असं का होतं? (भाच्यावरून घरात पेटलेलं भांडण)

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय कारण घरात रोज तोच विषय आणि रोज तेच भांडण. माझा भाचा, वय तेरा. वर्षभरात दोनदा शाळेतून निलंबित झाला, एका मुलाचा हात पिरगळून मोडला, घरातले पैसे काढणं तर चालूच, दोन रात्री घरी आलाच नाही, आणि शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीची काच फोडली तेव्हा ताई त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. चार भेटींनंतर त्यांनी कंडक्ट डिसऑर्डर असं निदान केलं. मराठीत वर्तनविकार म्हणतात म्हणे, पण त्या शब्दावरून काही बोध होत नाही.

आता घरात असं चाललंय की भाऊजी ताईला म्हणतात तू लाडावून ठेवलास, ताई म्हणते तुम्ही पट्ट्याने मारलंत म्हणून, त्याची आजी म्हणते काका पण असाच होता, खाण तशी माती, आणि मी आपला मध्ये सापडलोय. डॉक्टरांना कारण विचारलं तर 'बरेच घटक असतात' एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट आत.

मला उपाय नकोत आत्ता, ते डॉक्टर बघतायत. मला कारण समजून घ्यायचंय. तिघांपैकी बरोबर कोण? की तिघंही चूक? जाणकारांनी लिहावं, आणि ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी तर लिहावंच.

ठोकताळा

पूर्वी याला वात्रटपणा म्हणायचे आणि चौदावं रत्न दाखवलं की पोरगं सरळ व्हायचं. आता सगळ्याला डिसऑर्डर. हे माझं वैयक्तिक मत.

दोन वेण्या

ठोकताळा, धाग्यातच लिहिलंय ना की पट्ट्याने मारून झालंय. सरळ झाला का?

निरभ्र

मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिते, पण तुमच्या भाच्याला मी पाहिलेलं नाही त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी ठोकताळा यांच्या मुद्द्यावर. एक काच फुटली म्हणून कोणी हे निदान करत नाही. डीएसएम-५ म्हणून निदानाचं जे पुस्तक २०१३ ला आलं त्यात १५ वागण्यांची यादी आहे, चार गटांत विभागलेली – माणसांना किंवा प्राण्यांना इजा, मालमत्तेची नासधूस, खोटेपणा आणि चोरी, आणि मोठे नियम मोडणं म्हणजे रात्रभर बाहेर राहणं, पळून जाणं, शाळा बुडवणं. यातल्या निदान तीन गोष्टी गेल्या वर्षभरात आणि त्यातली एक तरी गेल्या सहा महिन्यांत झालेली हवी, शिवाय त्यापायी घर, शाळा, मित्र यात खरोखर अडत असलं पाहिजे. म्हणजे वात्रटपणाच्या बराच पुढचा मामला आहे.

पण उंबरठा, तुमचा प्रश्न कारणांचा आहे आणि तिथे एक गोम आहे. हे निदान म्हणजे नुसतं वर्णन आहे. मुलगा चोरी का करतो, तर डिसऑर्डर आहे म्हणून. डिसऑर्डर आहे हे कशावरून, तर चोरी करतो म्हणून. नुसतं गोल गोल फिरणं. ताप या शब्दासारखं समजा, ताप खरा असतो पण तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे तापमापक सांगत नाही. एकच नाव लागलेली दोन मुलं अगदी वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोचलेली असू शकतात. डॉक्टर 'बरेच घटक' म्हणाले ते टाळण्यासाठी असेलच असं नाही, फक्त पुढचं सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

म्हणून मी पालकांना पहिला प्रश्न 'का' असा विचारतच नाही, 'कधीपासून' असं विचारते. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली दोन वाटा मांडल्या. काही मुलं लहानपणापासूनच मारकुटी, चिडकी, कह्यात न येणारी असतात आणि ते पुढे चालू राहतं. दुसरी मुलं बऱ्यापैकी असतात, बारा-तेरा-चौदाच्या सुमारास टोळक्याबरोबर बिघडतात आणि त्यातली बरीचशी विशीत येता येता निवळतात. डीएसएममध्येही दहा वर्षांच्या आधी सुरुवात आणि नंतर सुरुवात असे प्रकार वेगळे केलेत. भाच्याचं कधीपासून आहे?

उंबरठा

निरभ्रताई, खूप आभार. ते गोल गोल वालं आज जेवताना घरात वाचून दाखवलं.

कधीपासून म्हणाल तर ताईला नीट विचारलं. तिसरीपर्यंत चिडका होता पण फार काही नाही, बसायचा नाही एका जागी एवढंच. चौथीत तक्रारी सुरू झाल्या, सहावीपासून वाढल्या. म्हणजे धड इकडे नाही धड तिकडे?

निरभ्र

माणसं तक्त्यात बसत नाहीत हो :) नऊ-दहाची सुरुवात म्हणजे अगदी सीमेवर. पण 'एका जागी बसायचा नाही' हे डॉक्टरांना सांगितलंय का? लक्ष न लागणं आणि अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, हे बऱ्याच मुलांत याच्या आधी येतं. एडीएचडीमुळे सरळ चोरी होत नाही पण मधली एक पायरी गळते, म्हणजे मनात आलं आणि हातून झालं याच्यामध्ये जी क्षणभराची फट आपल्याला मिळते ती या मुलांना मिळत नाही. त्यावरून दिवसभर बोलणी बसतात, आणि दिवसभर बोलणी खाणारं मूल हळूहळू बोलणी खाण्यासारखंच वागायला लागतं.

खडूफळा

वीस वर्षं माध्यमिकला शिकवतोय, फार पुस्तकी माहिती नाही पण चौथीत तक्रारी सुरू झाल्या हे वाचून थांबलो. उंबरठा, मुलगा वाचतो कसा? मोठ्याने, न अडता, नवीन उतारा?

विचारतोय कारण चौथीपर्यंत मुलं वाचायला शिकत असतात आणि तिथून पुढे वाचून शिकायचं असतं. ज्याला वाचन जमलेलं नाही ते पोर तिथे उघडं पडतं. मग ते काय करतं, तर ज्या तासाला वाचायला उभं करणार त्याच्या आधी बाकावर मारामारी उकरून काढतं आणि वर्गाबाहेर जाऊन उभं राहतं. चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा बाहेर उभं राहिलेलं बरं. ढ म्हणवून घेण्यापेक्षा गुंड म्हणवून घेणं परवडतं त्याला, गुंडाला निदान वट असते. आणि आम्ही मास्तर लोक काय करतो, बाहेर काढतो, म्हणजे त्याला जे हवं होतं तेच देतो. मी स्वतः कित्येक वर्षं हेच केलंय, एका मुलाच्या बाबतीत तर तो शाळा सोडून गेल्यावर कळलं की त्याला जोडाक्षरंच वाचता येत नव्हती. आठवी पास होऊन गेला होता तो. अजून टोचतं ते.

शिवाय मागच्या बाकावर सगळे एकाच प्रकारचे जमा होतात. चांगली मुलं खेळायला घेत नाहीत मग जे घेतात त्यांच्याकडे जायचं. याला संगत म्हणतात, पण संगत बिघडण्याआधी कोणीतरी आधी बाहेर ढकललेलं असतं, हे विसरतो आपण.

निरभ्र

खडूफळा सर, +१. भाषेत कच्ची असणं आणि हे वर्तन यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडतो. शब्द अपुरे पडले की हात चालतो असं सोपं करून म्हणता येईल, अर्थात ते फारच सोपं झालं.

शून्याखालचा

आजींच्या 'खाण तशी माती'वर कोणी बोललं नाही म्हणून. माझा विषय जनुकशास्त्राच्या आसपासचा आहे, जरा लांबण लागेल.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की अशा वागण्यातल्या माणसामाणसातल्या फरकाचा साधारण अर्धा भाग आनुवंशिक असतो. पण ही सरासरी आहे आणि आत बघितलं तर गंमत आहे. एसी व्हायडिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास छापला. ज्या मुलांत वाईट वागण्याबरोबर भावनांचा कोरडेपणा होता, म्हणजे दुसरा रडला तरी काही वाटत नाही, पकडलं तरी अपराधी वाटत नाही, तिथे आनुवंशिकतेचा वाटा ८१ टक्के निघाला. ज्यांच्यात तो कोरडेपणा नव्हता तिथे फक्त ३० टक्के. वागणं बाहेरून सारखंच, आतलं गणित वेगळं.

याचा अर्थ चोरीचं जनुक असतं असा अजिबात नाही. मिळतं काय, तर स्वभावाचा कल. भीती कमी वाटणं, लवकर भडकणं, धोक्याची मजा वाटणं. त्याचं पुढे काय होणार ते कुठे पडतो त्यावर. दत्तक मुलांच्या एका अभ्यासात (कॅडोरेट, १९९५) जन्मदाते समाजविघातक वागणारे असलेली मुलं बघितली, ती जिथे दत्तक गेली ते घर धड असेल तर फारसा फरक दिसला नाही, घरातही कलह, व्यसन, घटस्फोट असेल तर आक्रमकता आणि वर्तनविकार वाढलेला दिसला. म्हणजे खाणीतली माती खरी पण मडकं कसं होतं ते चाकावर ठरतं.

दुसरा गाजलेला अभ्यास डनेडिनचा, न्यूझीलंड. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा माग ठेवलाय, अजून चालू आहे. २००२ साली कॅस्पी आणि मंडळींनी दाखवलं की एमएओए नावाच्या जनुकाचा कमी काम करणारा प्रकार असलेल्या मुलग्यांना लहानपणी छळ सोसावा लागला असेल तर पुढे हे वागणं जास्त. नुसता जनुक असून छळ नसेल तर तसं काही नाही. पेपरवाल्यांनी याला गुंडगिरीचं जनुक करून टाकलं, ते सोडा. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत ते इतकं ठळक आलं नाही हेही सांगायला हवं.

ठोकताळा

म्हणजे शेवटी रक्तातच आहे ना. मग आईबापाने काय करायचं, हात वर करून बसायचं?

शून्याखालचा

नाही हो साहेब. मी लिहिलं त्याच्या बरोब्बर उलट वाचलंत तुम्ही.

दोन वेण्या

मी आई आहे. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, अकराव्या वर्षी हेच निदान झालं होतं. त्यामुळे जरा जास्तच लिहिणार आहे, राग मानू नका कोणी.

ताईला लाडावलंस म्हणून बोलतायत ते वाचून अंगावर काटा आला. मला पण हेच ऐकवलं सगळ्यांनी, सासूने, शाळेने, एका डॉक्टरने पण. आईला धरायची पद्धत फार जुनी आहे. जॉन बौल्बी या ब्रिटिश डॉक्टरने १९४४ साली ४४ चोऱ्या करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला, त्यातल्या १४ जणांना त्याने माया नसलेली मुलं म्हटलं आणि त्या १४ तले १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ लांब राहिलेले निघाले. झालं, आई नसली की मूल चोर. पण मुलाखती त्यानेच घेतल्या, कोण माया नसलेला हे पण त्यानेच ठरवलं, शिवाय लांब का राहावं लागलं, घरात काय होतं ते सगळं एकाच पोत्यात. आई जवळ असणं महत्त्वाचं नाही असं म्हणत नाहीये मी. पण आई जवळ असली तर लाडावलं आणि नसली तर सोडलं, मग आईने नेमकं कुठे उभं राहायचं?

आमच्याकडे काय व्हायचं ते सांगते. मी म्हणायची मोबाईल ठेव. तो नाही म्हणायचा. मी आवाज चढवायची, तो त्याहून. तो काहीतरी फेकायचा, मग मी घाबरून, दमून, शेजारी ऐकतील म्हणून सोडून द्यायची. घरात शांतता. त्या शांततेत दोघं शिकलो, तो शिकला की आणखी चढलं की आई सोडते, मी शिकले की सोडलं की शांत होतं. आणि चौथ्या-पाचव्या वेळी मी फटका मारायची तेव्हा तो गप्प बसायचा, मग मी हे पण शिकले की फटकाच चालतो. पुढच्या वेळी सुरुवातच वरच्या पट्टीत. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षं. आमच्या समुपदेशकांनी सांगितलं की जेराल्ड पॅटरसन नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये लोकांच्या घरी जाऊन बसून मिनिटामिनिटाची नोंद करून हेच टिपलं होतं, सक्तीचं चक्र म्हणतात. ऐकून मला रडू आलं. कारण पहिल्यांदा कोणीतरी माझ्या घरातलं जसंच्या तसं सांगत होतं आणि त्यात राक्षस कोणीच नव्हतं.

आणि अजून एक. १९८६ सालचा एक अभ्यास आहे, त्यात वर्तनविकार असलेल्या मुलांच्या आया आणि इतर मुलांच्या आया यांची अदलाबदल केली, म्हणजे दुसरीच्या मुलाबरोबर बसवून काम करून घ्यायला लावलं. तर ज्या चांगल्या आया होत्या त्या पण या मुलांबरोबर ओरडायला, हुकूम सोडायला लागल्या. आणि आमच्यासारख्या आया शांत मुलांबरोबर ठीक होत्या. हा कागद मी छापून घेऊन सासूबाईंना वाचायला दिला होता. त्यांनी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं :)

खडूफळा

दोन वेण्या, प्रतिसाद आवडला. हे जे चक्र लिहिलंत ते वर्गात पण जसंच्या तसं चालतं, फक्त बाजूला चाळीस प्रेक्षक असतात.

उंबरठा

ताईला वाचायला दिलं. काही बोलली नाही, फोन घेऊन आत गेली आणि अर्ध्या तासाने परत आणून दिला.

भाऊजींचा प्रश्न आहे, मुद्दाम त्यांच्याच शब्दांत: "मी मारलं म्हणून तो असा झाला की तो असा होता म्हणून मी मारलं?"

निरभ्र

दोन्ही. आणि हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाही. कठीण स्वभावाचं मूल मोठ्यांकडून कठोरपणा ओढून घेतं, आणि मारझोड पुढे वागणं आणखी बिघडवते, दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. कोंबडी आधी की अंडं हे शोधत बसून हाती काही लागत नाही. मात्र दोघांत मोठा कोण हे ठरलेलं आहे, त्यामुळे चक्र थांबवायची पहिली पाळी कोणाची हेही ठरलेलं आहे. हे त्यांना जरूर सांगा.

माराचा एक परिणाम मात्र लोकांना माहीत नसतो. केनेथ डॉज यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट आहे. मैदानात पाठीवर चेंडू येऊन आदळला. कोणी मारला, मुद्दाम की चुकून, कळत नाही. बहुतेक मुलं वळून बघतात. काही मुलांना त्या क्षणी खात्रीच असते की मुद्दाम मारला, आणि ती वळतात तीच मूठ आवळून. ज्या लहान मुलांनी घरात मार खाल्लेला असतो त्यांच्यात ही सवय जास्त दिसते. आणि त्यात नवल काही नाही, ज्या घरात कधीही कुठूनही फटका बसू शकतो तिथे आधी वाईट अर्थ लावणं शहाणपणाचंच असतं. घरात शिकलेलं शहाणपण शाळेत नडतं.

पूर्वाश्रमीचा

सदस्य होऊन नऊ वर्षं झाली, हा माझा बहुतेक तिसरा प्रतिसाद. चेंडूचं वाचलं म्हणून लिहितो.

मी तो मुलगा होतो. निदान वगैरे कोणी केलं नाही पण वरच्या यादीतल्या सात-आठ गोष्टी केल्यात, एक तर सांगवत पण नाही. वडील मारायचे, कारण असो नसो. मला खरोखर वाटायचं की सगळे माझ्याकडे बघून हसतायत. आज मागे वळून बघितलं तर निम्मे लोक दुसऱ्याच कशावर तरी हसत असणार. पण तेव्हा तुम्ही मला हे समजावलं असतंत तर तुम्हालाही मारलं असतं.

लोक विचारतात सुधारलास कसा. कोणीतरी देवमाणूस भेटला, डोळे उघडले, असं ऐकायचं असतं त्यांना. तसं काही झालं नाही. घर बदललं, ती चार पोरं सुटली, रोज पहाटे उठावं लागेल असं काम लागलं आणि रात्री झोप यायला लागली. पश्चात्ताप नंतर आला, दहा वर्षांनी, आणि तो आला तेव्हा त्याचा कोणाला उपयोग नव्हता. भाऊ चांगला निघाला, त्याच बापाचा, त्याच घरात. तो मार बसायला लागला की आजोबांकडे पळायचा. मी पळायचो नाही, उलटून बघायचो. का ते मला आजही माहीत नाही.

दोन वेण्या

_/\_

शून्याखालचा

पूर्वाश्रमीचा, मनापासून धन्यवाद. भावाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एकाच घरातली दोन मुलं एकाच घरात वाढत नाहीत असं आमच्याकडे म्हणतात. कोणाच्या वाट्याला कोणते आईवडील, कोणत्या वर्षीचे, हे वेगळं असतं.

आता थोडं शरीराबद्दल, कारण अजून तिकडे कोणी गेलं नाही. विश्रांतीच्या वेळी हृदयाचे ठोके कमी असणं ही यातली अनेक अभ्यासांत टिकलेली शारीरिक खूण आहे. कदाचित भीती कमी असते म्हणून, कदाचित ती स्थिती कंटाळवाणी वाटते आणि माणूस थरार शोधतो म्हणून. पण यावरून कुठल्या एका मुलाचं भाकीत करू नका, धावपटूंचे पण ठोके कमी असतात. मेंदूचं बघितलं तर त्या कोरड्या गटातल्या मुलांना घाबरलेले चेहरे दाखवले तेव्हा अमिग्डाला म्हणजे भीतीशी संबंधित भाग कमी पेटला. जे चिडखोर पण कोरडे नसतात त्यांच्यात उलट, धोका दिसला की जास्त भडका असं बऱ्याचदा दिसतं. एक थंड वाट आणि एक गरम वाट म्हणू.

शिसं हा विषय पण आहे, जुन्या रंगांतलं, पाइपांतलं, एकेकाळी पेट्रोलमधलं. नीडलमन यांनी १९९६ साली मुलग्यांच्या नडगीच्या हाडातलं शिसं मोजलं, ज्यांच्यात जास्त त्यांच्या वागण्याच्या तक्रारी जास्त. आणि गरोदरपणात आईने सिगरेट ओढली तर, हा संबंध खूप वर्षं ठळकपणे सांगितला जायचा, पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी ओढली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो फरक बराचसा विरघळला. म्हणजे सिगरेटपेक्षा त्या घरातलं बाकीचं काहीतरी असावं. ओढा असा अर्थ नाही, बाळाला बाकी अपाय आहेतच.

ठोकताळा

मान्य करतो की विषय मला वाटला त्यापेक्षा मोठा आहे. पण एक सांगा, मूल हे वाईट शिकतं कुठून? टीव्ही, मोबाईल, गेम हे कोणीच बोलत नाही.

निरभ्र

तुमचा प्रश्नच उलटा करून बघू. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी कॅनडात बाळपणापासून मुलांचा माग काढला. आयुष्यात माणूस सर्वात जास्त मारामारी कधी करतो, तर दोन ते साडेतीन वर्षांचा असताना. चावणं, ओरबाडणं, ढकलणं. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात ताकद नसते म्हणून आपण हसतो. बहुतेक मुलं तिथून पुढे हळूहळू न मारायला शिकतात. म्हणून आमच्याकडे प्रश्न 'हे मारायला कुठे शिकलं' असा नसतो, न मारणं शिकायचं कशामुळे राहून गेलं असा असतो. भाषा लागते, कोणीतरी शांत मोठं माणूस लागतं, झोप लागते, थांबायची क्षमता लागते. यातलं काय कमी पडलं ते मुलागणिक वेगळं. स्क्रीनचा थोडा संबंध असेलही पण या यादीत तो बराच खाली आहे.

खडूफळा

आणि गरिबी? वर्गात तर तेच दिसतं असं आमचे सहकारी म्हणतात. मला नेहमी खटकतं ते, गरीब पोरं पकडली जातात जास्त एवढंच मला दिसतं.

शून्याखालचा

सर, यावर एक फार सुंदर अभ्यास आहे, ठरवून करता आला नसता असा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९३ पासून १४२० मुलांचा माग ठेवत होते, त्यातली काही चेरोकी आदिवासी कुटुंबांतली. मध्येच त्या जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा हिस्सा जमातीतल्या प्रत्येकाला मिळायला लागला. कोणी मेहनती म्हणून नाही, चांगला पालक म्हणून नाही, सरसकट. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली छापलं की त्या पैशामुळे जी कुटुंबं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांत वर्तनाच्या तक्रारी कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आल्या. चिंता आणि नैराश्य मात्र तसंच राहिलं, हा भाग मला सर्वात बोलका वाटतो. आणि मधला दुवा काय निघाला, तर आईवडिलांचं मुलांवर लक्ष वाढलं. दोन कामं करणाऱ्याला एक करून भागायला लागलं की संध्याकाळी पोरगं कुठे आहे ते कळतं, इतकं साधं.

दोन वेण्या

आमच्याकडे पैशाची अडचण नव्हती, तरी झालं.

निरभ्र

हो, कारण यातलं एकही कारण एकट्याने पुरत नाही. मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट आणि लंडनमधल्या मुलांवरून सहा गोष्टी धरल्या होत्या – नवराबायकोत तीव्र कलह, हलाखी, दाटीवाटीचं घर, वडिलांची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार, मूल घराबाहेर संस्थेत ठेवावं लागणं. यातली एकच असलेल्या मुलांना एकही नसलेल्यांपेक्षा जास्त धोका दिसला नाही. दोन झाल्या की धोका चौपट, आणि पुढे आणखी उडी. बेरीज नाही, गुणाकार होतो. म्हणून उंबरठा, तिघांपैकी कोण बरोबर या प्रश्नाला माझं उत्तर असं की तिघांकडे एकेक तुकडा आहे आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याला फेकून मारतोय.

ठोकताळा

एवढं सगळं असेल तर कडक शिस्तीच्या शिबिरात पाठवणं काय वाईट? घरापासून लांब, चक्र पण तुटेल तुमचं.

खडूफळा

आणि बाकी सगळे कोण असणार त्या शिबिरात? मागचा बाक.

शून्याखालचा

सरांनी एका वाक्यात सांगितलं. याला पुरावा आहे, तो पण जुना. अमेरिकेत १९३९ ला केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा प्रकल्प सुरू झाला, जोड्या लावून निम्म्या मुलांना सल्लागार, शिकवणी, शिबिरं सगळं दिलं, निम्म्यांना काही नाही. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी हिशोब मांडला, १९७८ ला. मदत मिळालेल्यांचं जास्त वाईट झालं होतं. नंतर खोलात गेल्यावर दिसलं की नुकसान मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्यांचं. एकत्र आणलेली मुलं एकमेकांना शाबासकी देऊन तयार करतात. तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम पण असेच उलटले.

ठोकताळा

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

अवांतर: मुलींत होतं का हे? इथे सगळे मुलगाच धरून बोलतायत.

निरभ्र

अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. होतं, पण मुलग्यांत बरंच जास्त. मुलींत बऱ्याचदा उशिरा, किशोरवयात सुरू होतं, आणि हाणामारीपेक्षा खोटं बोलणं, पळून जाणं, एखादीला वाळीत टाकणं असं दिसतं, त्यामुळे उशिरा लक्षात येतं. त्यावर वेगळा धागा काढायला हवा कोणीतरी.

उंबरठा

धागा वर काढतोय. तीन आठवडे लिहिता आलं नाही, माफ करा.

खडूफळा सरांनी विचारलं होतं ते करून बघितलं. मोठ्याने वाच म्हटलं असतं तर वाचला नसता म्हणून मीच चष्मा नाही असं सांगून मोबाईलवर आलेला लांबलचक मेसेज त्याला वाचायला दिला. (दोन वेण्या, चष्म्याची आयडिया तुमच्या सासूबाईंची.) दुसऱ्या ओळीला अडला. तिसऱ्या ओळीला मनाने वाचायला लागला, म्हणजे जे लिहिलंय ते नाही, जे असेल असं वाटलं ते. मग फोन माझ्या अंगावर टाकला आणि 'तुझं तू वाच' म्हणून निघून गेला. मी एरवी ओरडलो असतो. नववं वर्ष चाललंय त्याचं शाळेतलं आणि आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांना हे आणि बसायचा नाही ते असं दोन्ही कागदावर लिहून दिलं, कधीपासून ते वर्षं घालून. या वेळी चाळीस मिनिटं बोलले. वाचनाची आणि लक्षाची वेगळी तपासणी लिहून दिलीय. कोरडेपणाचं पण विचारलं त्यांनी, तेव्हा ताईने सांगितलं की ज्याचा हात मोडला त्या मुलाच्या घरासमोर हा दोनदा जाऊन उभा राहिला होता, आत गेला नाही. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं, तिला पण शेजारणीकडून कळलं होतं आणि भाऊजी चिडतील म्हणून बोलली नव्हती.

आजींना काकाबद्दल विचारलं. तो पण शाळा सोडून पळाला होता, पंधराव्या वर्षी. वाचता यायचं का त्याला, असं विचारलं तर म्हणाल्या 'त्याला कोण वाचायला लावतंय, तो बसेल तर ना.' मग स्वतःच गप्प झाल्या.

भाऊजींना निरभ्रताईंचं उत्तर वाचून दाखवलं. मोठा कोण वगैरे. तेव्हा तर उठून गेले. परवा रात्री मला म्हणाले की पट्टा टाकून दिलाय. मी काही बोललो नाही. नंतर म्हणाले, पुढच्या भेटीला मी पण येतो, पण बोलणार नाही काही.

पूर्वाश्रमीचा

येऊ दे. नाही बोलले तरी चालेल.

खडूफळा

वाचनाच्या तपासणीचं काय निघालं ते इथे लिहा नक्की. आणि ती होईपर्यंत शाळेत कोणाला तरी सांगून ठेवा की याला वर्गात उभं करून वाचायला लावू नका. चिठ्ठी नको, प्रत्यक्ष जाऊन सांगा, चिठ्ठ्या हरवतात.

ठोकताळा

वाट बघतोय.